अर्धा कोयता

शेवगाव
ता. २ ऑक्टोबर १९७१

ती. राधाकृष्णमामांस,
रंगूचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पावलं. दिवाळी झाली की मला राजूरला न्यायला येतो असं तुम्ही लिहिलंय. येऊ नका. मी शाळेतून नाव काढलं. आबांनी नाही, मीच काढलं. हेडसर म्हणाले वडिलांना घेऊन ये, म्हणून आबांना नेऊन अंगठा करून घेतला. नववीची पुस्तकं शेजारच्या छबूला दिली.

झालं असं की दसऱ्याला श्रीमंत नावाचे मुकादम घरी आले. त्यांच्या ऊसतोडीच्या टोळीत आबा आणि आई मिळून एक कोयता होता. तुम्ही मास्तर, तुम्हाला वाटेल कोयता म्हणजे हत्यार. आमच्याकडे कोयता म्हणजे जोडी. गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. आई गेल्यापासून आबा अर्धा कोयता झालेत आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. बाजरी तर गुडघ्याएवढी होऊन वाळली, मग आबांनी इथं राहून करायचं काय?

मुकादम ओसरीवर चहा पीत सांगत होते की एखादं बाईमाणूस बघा. मग मीच आतून म्हणाले की मी येते. मला कुणी जबरदस्ती केली नाही हे मुद्दाम कळवते, नाहीतर तुम्ही आबांना बोल लावाल.

आई गेली तेव्हा मी रडले नाही, असं तुम्ही मामींना सांगितलं ते माझ्या कानावर आलं. अजूनही रडले नाही. आजी म्हणते पोरीचं काळीज दगडाचं आहे. असेल. हात लावून बघितलं तर काही लागत नाही.

मामींना नमस्कार सांगा. रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपली भाची,
रंगू


राजूर
ता. ११ ऑक्टोबर १९७१

चि. रंगू हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक, मजकूर मात्र शून्य गुणांचा. पन्नास पोरांचे कान पिळणारा मी मास्तर, पण सख्ख्या भाचीच्या कानापर्यंत माझा हात पोचत नाही. तुझी मामी म्हणते, मुलगी तुमच्यावरच गेली, ठरवलं की ठरवलं. मी म्हणालो, माझ्यावर गेली असती तर पुस्तकं वाटून मोकळी झाली नसती.

थट्टा पुरे. भागूताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती एक दिवस शाळेची पायरी चढली नाही. घरची शेरडं तिनं राखली म्हणून मी वर्गात बसलो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हा तिला एकच शब्द दिला, की तुझी रंगू अकरावी होईल. गेल्या माघात ती अंगात ताप घेऊन तीन दिवस फडात उभी राहिली. मी पोचलो तोवर राख सावडून झाली होती. तेव्हापासून मलाही काही वाटेनासं झालंय, ते तुला म्हणून लिहितो. पाढे म्हणून घेतो, बाजारहाट करतो, हसतोसुद्धा. पण सगळं अंग बधिर केल्यासारखं.

तू जोडी पुरी करायला निघालीस. जा. पण ती जागा दुसऱ्या कुणी भरली तर तुला मुकाट्यानं परत यावं लागेल, हे आताच सांगून ठेवतो. मी हातावर हात ठेवून बसणारा नाही.

आजीच्या खोकल्याला अडुळशाचा काढा दे. जपून राहा, आणि या म्हाताऱ्या होत चाललेल्या मास्तराला विसरू नकोस.

तुझा,
राधाकृष्णमामा


कारखान्याचा तळ, राहात्याजवळ
ता. ८ डिसेंबर १९७१

ती. मामांस,
रंगूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. सुरुवातीला बोटांत पेन धरवत नव्हतं. उसाच्या पानाची धार ब्लेडासारखी असते, ते आईच्या हातांवरून मला कळायला हवं होतं. आता सवय झाली.

चटयांच्या कोप्या घालून तीस-चाळीस कोयते इथं राहतो. दिवस उजाडायच्या आत फडात जायचं. आबा पुढं तोडत जातात, मी मागून गोळा करते. आम्ही बोलत नाही. पूर्वी ते आणि आई तोडताना बोलायचे का, ते मला माहीत नाही. विचारलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मुकादमाच्या वहीत गेल्या वर्षीचीच नावं आहेत. रोज सकाळी ते पुकारतात, कानिफनाथ, भागूबाई. पहिल्या दिवशी आबा नुसते उभेच राहिले. मागचे लोक ताटकळायला लागले, म्हणून मी हाय म्हणाले. तेव्हापासून रोज म्हणते. मुकादमांना नाव बदला म्हणून सांगता आलं असतं, पण कुणीच सांगत नाही. काही वाटत नाही. एका दृष्टीनं सोपं पडतं.

लढाई सुरू झाली म्हणतात. इथं तिचं काही समजत नाही.

आबा बरे आहेत. तुमचा लोभ आहे तसा असू द्यावा.

आपली,
रंगू


राजूर
ता. २० डिसेंबर १९७१

रा. रा. कानिफनाथ दाजी यांसी,
राधाकृष्णचा कृ. सा. न. वि. वि.

(श्रीमंत मुकादमांस विनंती की हे पत्र दाजींना एकट्याला बाजूला घेऊन वाचून दाखवावं.)

दाजी, विषय अवघड आहे आणि तो मी काढणं त्याहून अवघड. ज्याची बहीण जाऊन अजून वर्ष झालं नाही, त्यानंच मेहुण्याला दुसरं लग्न करा म्हणून सांगावं, हे लोकांना उलटं वाटेल. वाटू द्या.

इथं राजूरला आपल्याच जातीतलं, मूळचं पाथर्डीकडचं एक घर आहे. भिमाजी नाव. बाजाराचा माल बैलगाडीनं वाहतात. त्यांची पुतणी साळू, तिला आईबाप नाहीत. कामाला खंबीर, स्वभावानं समजूतदार, वयानंही पोक्त. भिमाजींच्या कानावर मी घातलं आहे आणि त्यांची ना नाही. पौष संपला की माघात चार माणसांत उरकून घेऊ. भागूताईच्या नावाचा चांदीचा टाक मी स्वतः घडवून आणतो. दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते, ती रीत आपण पाळू. आणि रीतीप्रमाणंच साळूचं माहेर इथून पुढं माझं घर. एक बहीण गेली, दुसरी आली असं मी धरीन.

बदल्यात एकच मागणं. जोडी पुरी झाली की रंगूला माझ्याकडे लावून द्या. तिला हे आताच कळू देऊ नका. पोर तापट आहे. मागाहून मी समजावीन.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्या, अंतर देऊ नका.

आपला,
राधाकृष्ण


कारखान्याचा तळ
ता. २७ डिसेंबर १९७१

ती. मामांस,
रंगूचा सा. न. वि. वि.

तुमचं आबांना आलेलं पत्र मी वाचलं. मुकादम कारखान्यावर गेले होते. शिपायानं पत्र आबांच्या हातात दिलं आणि आबांनी माझ्या. तीस-चाळीस कोयत्यांत मुकादम सोडले तर वाचता येणारी मी एकटी, हे तुमच्या ध्यानात यायला हवं होतं. कंसातलं मी मनात आधी वाचलं. तिथं थांबता आलं असतं. मी थांबले नाही, सगळं मोठ्यानं वाचलं. "पोर तापट आहे" हेसुद्धा.

आम्ही बांधावर भाकरी खात होतो. आबांनी भाकरी खाली ठेवली नाही, नुसतं चावायचं थांबवलं. मग म्हणाले, ते पोक्त म्हणून आहे तिथनं पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तुझा मामा शिकलेला हाय, एवढंच म्हणाले आणि उठून कामाला लागले.

दिवस मावळायच्या सुमाराला मोळी माझ्या डोक्यावर देताना म्हणाले, "लिही मामाला. व्हय म्हनावं."

तर हे आबांचं व्हय आहे. माझं कुणी विचारलं नाही, म्हणून मी लिहीत नाही.

मामींना नमस्कार.

रंगू


कारखान्याचा तळ
ता. २० फेब्रुवारी १९७२

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

लग्न होऊन तीन आठवडे झाले. तुम्ही निरोप धाडला होता की नवीन आईला काम शिकवून मगच निघ. शिकवलं.

वयानं पोक्त असं तुम्ही लिहिलं होतं. ती अठरा वर्षांची आहे. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आबा अडतीसचे. तिनं उसाचा फड जन्मात पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून चढताना पडली, ती मोळीसकट. बायका हसल्या. तिच्या गळ्यातला टाक उलटा होऊन पाठीवर गेला होता, तो मी पुढं आणून दिला. तिला आई म्हण असं आबांनी सांगितलं आहे. मी काहीच म्हणत नाही. मोळी अशी धर, पाय आडवा टाक, एवढंच बोलते.

चौथ्या दिवशी पाचट काढताना तिनं मला विचारलं, "गुर्जींची भाची शिकावी म्हनून मला हितं आनलं म्हनं. ती तूच का?"

मी हो म्हणाले. मग तिनं सांगितलं की ती तुमच्या वर्गात होती. पुढच्या रांगेत बसायची. सातवीला शाळेत पहिली आली तेव्हा साळू मास्तरीण होणार असं तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतात. हे सांगताना ती रडली नाही, रागावलीही नाही. गावच्या पाण्याविषयी सांगावं तसं तिनं सांगितलं. मामा, तुमच्या हाताखालून एवढ्या पोरी गेल्या, त्यातली हीच कशी सापडली तुम्हाला?

परवाच्या एस. टी. नं मी राजूरला येते. मन वळलं म्हणून नाही. कोपी दोघांची असते, तिथं तिसऱ्याला जागा नाही. शाळेत घालाल तिथं बसेन. बसण्यापलीकडे माझ्याकडून काही धरू नका.

रंगू


राजूर
ता. २ एप्रिल १९७२

चि. सौ. साळूताई हिस,
राधाकृष्णचे अनेक आशीर्वाद.

वर्गात तुला साळे म्हणून हाक मारत होतो. आता रीतीनं ताई लिहायचं तर हात अडखळतो. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत.

खुशाल म्हणजे जेवतात, झोपतात. रंगूनं मार्चच्या चाचणीत सगळे पेपर कोरे दिले. वर नाव, इयत्ता, हजेरी नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात, आणि खाली काही नाही. येत नाही म्हणावं तर तसंही नाही, शेजारच्या पोरीला गणितं हीच समजावून देते. मी ओरडलो. रंगूच्या मामीनं मायेनं सांगून पाहिलं. ती ऐकून घेते, मान हलवते, ताट घासून जागेवर ठेवते. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. सतरा तारखेपासून वार्षिक परीक्षा आहे. तेव्हाही कोरे दिले तर वर्ष गेलं, आणि पुढच्या दसऱ्याला तिची समजूत घालायला माझ्यापाशी काही उरणार नाही.

माझं ती ऐकत नाही आणि का ऐकत नाही ते मला माहीत आहे. तुला पोक्त लिहिलं ते मी खोटं लिहिलं. तुला आठवीत बसायचं होतं, तेव्हा भिमाजींच्या घरी जाऊन एकदाच बोललो, दुसऱ्यांदा गेलो नाही. रंगूसाठी मात्र चारदा गेलो. भिमाजी तुझं कुठंतरी उरकून टाकणारच होते, असं मी मनाला सांगितलं. अजूनही सांगतो. मन ऐकतं, पण त्याला बरं वाटत नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असंही म्हणता येत नाही, कारण जे करायचं तेच मी केलं.

ज्याचं तोंड बघायची इच्छा नसेल त्यानंच काम सांगावं, तसं हे आहे. तरी सांगतो. तिला तू दोन ओळी लिही.

दाजींना नमस्कार. मला भाऊ मानणं जड जात असेल तर मानू नकोस, पण घर तुझं आहे.

राधाकृष्ण


कारखान्याचा तळ
ता. ९ एप्रिल १९७२

रंगू,

वर काय लिहावं ते सुचलं नाही. आशीर्वाद लिहावा तर मी तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठी. नमस्कार लिहावा तर नात्यानं तो उलटा होतो. म्हणून नुसतंच नाव लिहिलं. पाच वर्षांनी पेन हातात धरलं, तेव्हा चुकांकडे बघू नकोस.

गुर्जींचं पत्र आलं. ते मी तुझ्या आबांना वाचून दाखवलं नाही. त्यांना सांगितलं की सगळे बरे आहेत. ते म्हणाले, बरं. तुझे आबा वाईट नाहीत. बोलत नाहीत एवढंच. परवा माझ्या हाताला कापलं तर न सांगता चिंधी फाडून दिली.

तू पेपर कोरे देतेस म्हणं. माझ्यासाठी देतेस असं गुर्जींना वाटतं. मला तसं वाटत नाही. तू त्यांच्यावरचा राग काढतेस, आणि तो माझ्या नावावर टाकतेस. मी तुला सांगितलं होतं का असं कर म्हणून? रागानं पेपर कोरा द्यायचा तर आधी पेपर मिळावा लागतो. मला आठवीचा पेपर कुणी दिला नाही. दिला असता तर मी तो दोन्ही बाजूंनी भरला असता, मागं जागा उरली नसती.

इथं सकाळी भागूबाई म्हणून पुकारतात आणि मी हाय म्हणते. तू पण म्हणत होतीस असं बायकांनी सांगितलं. मला आधी राग यायचा. आता काही होत नाही. मला याचीच भीती वाटते, की आता काही होत नाही. तू इथं होतीस तेव्हा तुझं तोंड असंच असायचं. मी बघायचे आणि म्हणायचे, ही पोर अशी का आहे. आता पाण्यात बघितलं तर माझं तसंच दिसतं.

मला तुझ्यासाठी आणलं. ते बरोबर का चूक, ते गुर्जींनी बघावं. पण आणलं ते आणलं. मी आता परत जाऊन आठवीत बसत नाही. तू नापास झालीस तर मी इथं कशाला आले, ते मला तूच येऊन सांग. तोंडावर सांग, पत्रातून नको.

तोडणीचा हंगाम महिनाअखेर संपतोय. मग शेवगावला घरी जाऊ. आजींना मी अजून नीट बघितलेलं नाही.

काय लिहून संपवतात ते विसरले. संपलं.

साळू


राजूर
ता. ४ मे १९७२

साळू हिस,
रंगूचा नमस्कार. उलटा झाला तरी असू दे.

तुझं पत्र तीन दिवस मी कुणाला दाखवलं नाही. मामांनी विचारलं, साळूचं काही आलं का. मी नाही म्हणाले. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मामी म्हणाल्या, असू दे, उभं राहू दे त्यांना.

पेपर लिहिले. सगळे. इतिहासाला पुरवणी घेतली. लिहिताना आनंद झाला असं नाही, नुसतं लिहीत गेले. एक खरं लिहिते. "तो माझ्या नावावर टाकतेस" हे तुझं वाक्य वाचून मला तुझा फार राग आला. इतका, की दातावर दात बसले. आई गेल्यापासून एवढं काही वाटलं नव्हतं. मग त्याच दिवशी दुपारी, पिठाचा डबा हातात असताना, मला आईसाठी रडू आलं. मामी घाबरल्या. पुष्कळ वेळ थांबलंच नाही. डोळे अजून जड आहेत, पण बरं वाटतंय.

निकाल परवा लागला. पास झाले. वर्गात सातवी. मामांनी पेढे आणले. मी त्यांना म्हणाले की पेढे खाईन, पण त्याआधी माझं एक ऐका. तुम्ही साळूचं माहेर स्वतःच्या घरी लिहून दिलंत. लग्नाला तीन महिने होऊन गेले, तिला न्यायला मुराळी कोण गेलं? ते म्हणाले, मी कोणत्या तोंडानं जाऊ. मी म्हणाले, याच. मामी सांगतात, माझ्यासाठी भिमाजींकडे चारदा गेलात, तिच्यासाठी शेवगावला एकदा जा. संध्याकाळी एस. टी. चं वेळापत्रक विचारून आले.

तर पंधरा तारखेला आम्ही दोघं येतो. तू कापडं बांधून ठेव. मामा एक मुक्काम करून परत निघतील, ते तुला घेऊन. मी शेवगावला राहीन. शाळा उघडेपर्यंत आबांच्या आणि आजीच्या भाकरी मी थापीन. महिनाभर तू इथं कुणाची बायको नाहीस आणि कुणाची आई नाहीस. दिवस वर येईपर्यंत झोप, मामी उठवणार नाहीत. माझी पुस्तकं फळीवर आहेत. वाचायची तर वाच, नाही वाचलीस तरी चालेल.

तू विचारलंस ते तोंडावर सांगायला मी येते. उत्तर माझ्याजवळ नाही, तेवढंच सांगेन.

वाटेत मामा बोलायला लागले तर ऐकून घे. गप्प बसले तर तू बोल, जे बोलायचं आहे ते सगळं. त्यांना मध्ये उतरता येणार नाही. शेवगाव ते राजूर दिवसभराचा रस्ता आहे.

पत्राचा शेवट कसा करतात ते तू विसरलीस म्हणून लिहिते. लोभ असावा, असं लिहितात. तो असलाच पाहिजे असं काही नाही.

रंगू